पाण्याचा उन्हाळा, पाण्याचा हिवाळा : सातारा-सांगलीच्या तळ्यांत पोहणाऱ्यांसाठी

रंगपंचमीच्या दुपारी आमच्या गावच्या पाझर तलावावर पोरांची झुंबड असते. रंग घासून काढायला साबण घेऊन यायचं आणि आलोच आहोत तर दोन हात मारायचे, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. काही वर्षांपूर्वी याच दिवशी मी थर्मामीटर घेऊन काठावर बसलो होतो. सावलीत हवा ३६ अंश. तलावात एक हात खोलीवर पाणी २४ अंश. दोरीला बांधलेली बाटली दीड परस (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली) खाली सोडून वर ओढली, तर तिच्यातलं पाणी २१.

शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याला म्हटलं, "आधी पाय घाल, मग गुडघे. उडी टाकू नकोस." त्यानं ऐकलं नाही. धावत येऊन मुटका मारला. वर आला तेव्हा त्याला बोलता येईना. तोंड उघडं, श्वास नुसता आत ओढतोय, बाहेर सोडणं जमेना. पोरगा पट्टीचा पोहणारा, म्हणून निभावलं. काठाला धरून बसला आणि दम खात म्हणाला, "काका, छातीवर कुणीतरी बसल्यागत झालं."

त्या दिवशी त्याची ताकद कमी पडली नव्हती. तापलेलं अंग आणि गार पाणी यांच्यातलं अंतर त्याला माहीत नव्हतं, एवढंच. हवेला उन्हाळा लागला म्हणून पाण्याला लागत नाही. पाणी तापायलाही हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता घेतं आणि निवायलाही वेळ लावतं, म्हणून तळ्याचा ऋतू हवेच्या मागून काही आठवड्यांनी येतो. जितकं तळं मोठं आणि खोल, तितका उशीर जास्त. हा उशीर ओळखायला शिकलात तर पोहण्यातली निम्मी जोखीम कमी होते. उरलेली निम्मी जागेची असते, म्हणून सुरुवात तिथून करू.

आधी जागा ठरवा

साताऱ्याचा कास तलाव शहराला पिण्याचं पाणी देतो. त्यात उतरायचं नाही, पायसुद्धा धुवायचे नाहीत. महाबळेश्वरचं वेण्णा तळं साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधून घेतलं. तिथं नावेत बसावं, काठावर कणीस खावं आणि परत यावं. लिंबची बारा मोटांची विहीर आपल्या जिल्ह्याचा ठेवा आहे, तिची शोभा कठड्यावरून पाहायची. तिच्यात सूर मारायचा नाही.

धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना या धरणांच्या भिंतीजवळ, सांडव्याजवळ, दरवाजांजवळ आणि जॅकवेलच्या (पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या विहिरीच्या) आसपास कुणीही उतरू नये. पाणी वरून शांत दिसतं, पण खाली जिथून ते ओढलं जातं तिथली ओढ माणसाला सोडत नाही. जलसंपदा विभागाची मनाईची पाटी असेल तर तिथं विषय संपला. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात जे डोह उरतात, तेही टाळा. कोयनेच्या पायथा वीजगृहातलं एक जनित्र सुरू झालं की नदीत १,०५० क्युसेक पाणी येतं, दोन्ही सुरू झाली की २,१००. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. भोंगा ऐकू आला तेव्हा तुम्ही पात्राच्या मधल्या खडकावर असाल, तर काठ गाठायला वेळ पुरेलच असं नाही.

सांगलीकरांना तर मी सरळच सांगतो. औदुंबर, भिलवडी, आमणापूर, ब्रह्मनाळ ते हरिपूरपर्यंतची कृष्णा मगरीची आहे. थंडीत मगरी काठच्या मळीच्या जमिनीवर ऊन खात पडलेल्या दिसतात, त्यामुळे लोक निदान सावध असतात. खरा धोका फेब्रुवारीनंतरचा. मादी काठच्या मातीत अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येईपर्यंत घरट्याजवळ राखण करते. नेमक्या याच महिन्यांत उकाड्यानं पोरं नदीकडे धावतात. कितीही चांगलं पोहता येत असलं तरी या पट्ट्यात पाण्यात उतरू नका. हात-पाय धुतानाही वाकून बसू नका, बादलीनं पाणी वर घ्या.

कालव्याचीही तीच गत. धोमचा, कण्हेरचा, आरफळचा, कुठलाही कालवा असो, आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना त्याला एकसारखी ओढ असते. अस्तरीकरणाचा उतार शेवाळानं गुळगुळीत झालेला असतो आणि पुढं कुठंतरी सायफन, म्हणजे ओढ्या-रस्त्याखालून पाणी नेणारा बंद बोगदा, असतोच. धरणातून सुटणारं पाणी बहुतेकदा खालच्या थरातलं असतं, त्यामुळे एप्रिलच्या उन्हातही ते अंगाला झोंबतं. तापलेला माणूस, गार पाणी, वेग आणि धरायला काहीच नाही, असं सगळं एका जागी जमलेलं असतं.

आता शेततळी. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण दरवर्षी उन्हाळ्यात पेपरात त्याच बातम्या येतात आणि काळजात कालवतं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडं द्राक्ष-डाळिंबाच्या जोरावर गावोगाव शेततळी झाली. चांगलंच झालं, पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं म्हणजे चारी बाजूंनी घसरगुंडी. पाण्याखालच्या कागदावर शेवाळाचा थर बसतो. माणूस काठापर्यंत पोहत येतो, गुडघे टेकतो, वर सरकतो आणि पुन्हा पाण्यात येतो. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. चांगला पोहणारा बुडतो तो पोहता न आल्यानं नव्हे, बाहेर येता न आल्यानं. शेततळ्यात पोहायचं नाही, हा नियम घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवा. ज्यांचं स्वतःचं शेततळं आहे त्यांनी चारी बाजूंना खुंट्यांना पक्का बांधलेला गाठींचा दोर तळापर्यंत सोडावा, दोन हवा भरलेल्या ट्यूब काठावर टांगून ठेवाव्यात आणि कुंपणाला कुलूप लावावं. खर्च फार नाही.

मग उरतं काय? मालकाच्या परवानगीनं ओळखीची विहीर, गावचा पाझर तलाव आणि धरणाच्या फुगवट्यावरच्या अशा जागा, जिथं मनाई नाही आणि गावकरी स्वतः पोहतात. बामणोली, तापोळ्याकडं गेलात तर आधी नावाड्याला विचारा. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या पोटात जुन्या गावांच्या भिंती, बांध, झाडांची खोडं आहेत आणि कुठं काय आहे ते त्याला तोंडपाठ असतं. मासेमारांनाही विचारा. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या एका ओळीत तरंगत असतील तर खाली जाळं लावलेलं आहे. जाळ्यात पाय अडकला की सोडवताना माणूस अधिकच गुरफटतो. त्या ओळीपासून लांब राहा.

पाझर तलावांबद्दल एक माहिती असू द्या. आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२च्या दुष्काळातल्या कामांवर बांधले गेले. बांधाची माती बऱ्याचदा तलावाच्या पोटातूनच काढलेली असते. नंतरही उन्हाळ्यात तळ उघडा पडला की लोक गाळ आणि मुरूम उपसून नेतात. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल थेट दोन परसांच्या खड्ड्यात पडू शकतं. मे महिन्यात तळं आटलेलं असताना एकदा जाऊन तळ पाहून या, खड्डे कुठं आहेत ते वहीत काढून ठेवा. वर्षभर उपयोगी पडतं.

पाणी मोजायचं कसं

तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही, त्याचे आकडेच ३२-३५ अंशांच्या पुढं सुरू होतात. माशांच्या टाकीसाठी मिळतो तो वायरचा डिजिटल थर्मामीटर घ्या, किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला लाल रेषेचा अल्कोहोलचा. पाऱ्याचा नको, फुटला तर पाण्यात विष. नवा आणला की एका पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून त्यात पाच मिनिटं ठेवा. शून्य दाखवला पाहिजे. एक अंश जास्त दाखवत असेल तर तेवढा प्रत्येक वेळी वजा करायचा.

पाण्याचा नुसता वरचा पापुद्रा मोजून उपयोग नाही, तो उन्हानं फसवा तापलेला असतो. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींमध्ये ४० सेंटिमीटर खोलीवरचं तापमान धरतात आणि ते १६ अंशांच्या खाली किंवा ३१ अंशांच्या वर असेल तर शर्यत होत नाही. आपला एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण ४५ सेंटिमीटर असतो. तेव्हा थर्मामीटर एक हात खाली सोडा, दोन मिनिटं थांबा, वाचा. जागा काठाजवळच्या उथळ पाण्यातली नको. कुणाची होडी असेल तर उत्तम, नाहीतर लांब काठीला बांधून खोल बाजूला टाका.

खालचं पाणी मोजायला लिटरची जाड प्लॅस्टिकची बाटली पुरते. तिच्या बुडाशी दगड बांधा, तोंडाला सैल बूच लावा आणि बुचाला वेगळी सुतळी बांधा. बाटलीच्या दोराला दर हातावर एक गाठ मारून ठेवा. हव्या त्या गाठीपर्यंत बाटली सोडायची, सुतळीला झटका देऊन बूच काढायचं, बुडबुडे थांबले की भराभर वर ओढायची आणि लगेच थर्मामीटर आत घालायचा. वरच्या आणि खालच्या पाण्यात तीन अंशांपेक्षा जास्त फरक निघाला तर त्या दिवशी बुडी आणि उंचावरून उडी बंद.

त्याच दोराला एक पांढरी ताटली बांधून पाण्यात सोडा. दोन हात खोलीवर ती दिसेनाशी झाली तर पाणी गढूळ समजा. अशा पाण्यात बुडालेला माणूस काठावरच्याला दिसत नाही. मी त्या दिवशी कुणालाच उतरू देत नाही.

वहीत तारीख, वेळ, हवा, वरचं पाणी, खालचं पाणी, वारा, ताटली किती हातांवर दिसेनाशी झाली, किती मिनिटं पोहलो, बाहेर आल्यावर कसं वाटलं, एवढं लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. २२ अंशांत माझी बोटं पंचवीस मिनिटांनी बधिर होतात, माझ्या धाकट्या भावाची होत नाहीत. तो अंगानं भरलेला, मी काटक. हा हिशेब प्रत्येकाला स्वतःचा स्वतःच मांडावा लागतो.

वर्ष कसं फिरतं

पुढचे आकडे साताऱ्या-सांगलीच्या सपाटीवरच्या तलावांचे ढोबळ आकडे आहेत. उंचीवर गेलं की हे कोष्टक खाली सरकतं. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे दोन्हींत पाचेक अंशांचा फरक धरा.

आपल्याकडं पोहण्याचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. परतीचा पाऊस सरला, गाळ खाली बसला की पाणी निवळतं. ऑक्टोबरात तळी तुडुंब असतात आणि पाणी २५ ते २७ अंश. वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं पाणी हेच. काठावरचं गवत मात्र पाण्याखाली गेलेलं असतं, त्यात पाय गुंततात आणि विरोळे (पाणसाप) ही असतात. उतरायला उघडी, खडकाळ किंवा मुरमाड जागा शोधा.

दिवाळीनंतर रात्री थंड होतात. रात्री तळ्याचं वरचं पाणी निवतं, निवलं की जड होतं, जड झालं की खाली जातं आणि खालचं वर येतं. हे ढवळणं महिना-दोन महिने चालू राहतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत वर-खाली जवळपास एकच तापमान सापडतं, २० ते २३ अंश. काही जुन्या, गाळानं भरलेल्या तळ्यांना या दिवसांत कुजकट वास सुटतो. तळाशी वर्षभर कोंडलेलं पाणी वर आल्याची ती खूण. वास असेल तर चार-आठ दिवस थांबा.

संक्रांतीच्या आसपास पाणी सगळ्यात गार असतं. पहाटे पोहण्याची फुशारकी नको. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास हवा आणि पाणी दोन्ही नीचांकाला असतात. थंडीत दहा ते बारा ही वेळ धरा, ऊन पाठीवर येईल अशा काठानं उतरा.

हिवाळ्यात तलाव नको वाटला तर विहीर गाठा. थंडीच्या सकाळी विहिरीतून वाफा निघताना तुम्ही पाहिलं असेल. पाणी गरम झालेलं नसतं. जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर जवळजवळ एकसारखं असतं, त्या त्या भागाच्या वर्षाच्या सरासरीइतकं. सांगलीकडं ते २५-२६ अंश येतं. बाहेर १२ अंश हवा असताना २५चं पाणी कोमट लागतं आणि मे महिन्यात ३९च्या हवेत तेच पाणी गारेगार लागतं. पाण्याचा स्वभाव बदललेला नसतो, आपल्या कातडीचा अंदाज बदललेला असतो. थर्मामीटर मला या एका गोष्टीसाठी लाखमोलाचा वाटतो. एक सांगतो, विहीर बाराही महिने पोहण्याजोगी असली तरी तिची कपार, मोटेच्या थारोळ्याचे ढासळलेले दगड आणि पाण्यातली विजेची मोटार तपासल्याशिवाय उतरू नका. मोटारीचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा. दुसऱ्या कुणावर "बंद आहे" म्हणून विश्वास टाकायचा नाही.

फाल्गुन-चैत्र हा फसवा काळ. हवा ३६-३८ला पोचते, पाणी अजून २३ ते २६मध्येच असतं. आमच्या पुतण्याचा किस्सा याच दिवसांतला. वरचा हातभर थर तापायला लागतो, त्याखाली थंडीतलं पाणी तसंच बसलेलं असतं. गार पाणी जड, कोमट हलकं, म्हणून दोन्ही मिसळत नाहीत. वर पोहताना पाय खाली गेला की घोट्याला गार पाण्याची रेघ लागते. ती रेघ लागली की समजा, खाली जायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी २८ ते ३१ला जातं, उथळ तळ्यात दुपारी त्याहूनही वर. आता पोहायचं ते सकाळी साडेसहा ते नऊ. दुपारी कोमट पाण्यात तासभर हात मारले तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पाण्यात घाम आलेला कळत नाही, डोकं दुखायला लागतं, मळमळतं. पोहण्याआधी आणि नंतर पाणी प्या, ताक मिळालं तर फारच छान. पाणी हिरवं, साय धरल्यासारखं दिसत असेल तर उतरू नका, गुरांनाही पाजू नका. साचलेल्या, तापलेल्या, उथळ पाण्यात एक अमिबा वाढतो आणि तो नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आजार क्वचितच होतो, पण झाला तर बहुतेकदा जीवच घेतो. केरळात त्याचे रुग्ण आढळले आहेत. खबरदारी सोपी आहे. तळातला गाळ ढवळायचा नाही, नाकाला क्लिप लावायची, उथळ कोमट पाण्यात मुंडकं खाली घालायचं नाही.

याच दिवसांत धरणांचं पाणी झपाट्यानं उतरतं. ऑक्टोबरात ज्या खडकावरून सूर मारला, त्याच्याखाली मे महिन्यात गुडघाभर पाणी असू शकतं. काठाला काळा गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत रुततो. रुतलातच तर उभं राहून पाय उपसू नका. पाठीवर किंवा पोटावर आडवे व्हा, वजन पसरा आणि पाय हळूहळू हलवत काढून घ्या, मग सरपटत मागं या. वळवाचे ढग पश्चिमेला दिसले, गडगडाट ऐकू आला की त्याच क्षणी बाहेर. झाडाखाली नाही, घरात किंवा गाडीत.

मृगापासून दसऱ्यापर्यंत मी तलावात आणि नदीत उतरत नाही. पाणी २४-२५ अंशांचं, सुखद असतं, पण त्याचा काही उपयोग नाही. गढूळ असतं, ओढ्यांमधून झाडं वाहत येतात, वरच्या धरणाचा विसर्ग कधी वाढेल ते तुमच्या हाती नसतं. उंदरांच्या मुताचं पाणी मिसळून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो, पायाला जखम असेल तर जास्तच. चार महिने तरण तलावावर जा, हाताची पद्धत सुधारा.

किती अंशाला किती वेळ

हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता पंचवीसपट वेगानं ओढून नेतं, म्हणून २२ अंशांची खोली आणि २२ अंशांचं पाणी यांची तुलनाच नको. मी पोरांना शिकवताना धरतो तो अंदाज असा. २६ ते २९मध्ये सवयीचा माणूस तासभर आरामात. २३ ते २५मध्ये अर्धा-पाऊण तास. २० ते २२मध्ये पंधरा-वीस मिनिटं आणि दहा वर्षांखालच्या पोरांना पाचच, कारण लहान अंग भराभर निवतं. २०च्या खाली नवख्यानं उतरूच नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला जानेवारीत असं पाणी सापडतं.

घड्याळापेक्षा बोटांवर लक्ष ठेवा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावून पाहा. लागत नसेल, बोटं एकमेकांत मिटत नसतील, ओठ निळसर झाले असतील, जीभ जड वाटत असेल तर बाहेर. हुडहुडी भरल्यावर बाहेर यायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. एका डिसेंबरात मी असाच पाच मिनिटं जास्त राहिलो आणि काठावर सदऱ्याची बटणं लावता येईनात. सोबत्यानं लावून दिली. त्याच हातांनी मी खोल पाण्यातून काठ गाठला होता, हे आठवलं की आजही अंगावर शहारा येतो.

उतरायची पद्धत

एकट्यानं कधीच नाही. दोघं पाण्यात असतील तर तिसरा काठावर, त्याच्या हाताशी दोर आणि बंद तोंडाचा रिकामा पाच लिटरचा कॅन. मोबाइल त्याच्याकडं. दारू प्यायलेल्या माणसाला सोबत आणूच नका.

जेवून दीड-दोन तास झाले असावेत. आधी मनगटं, मान, तोंड यांवर पाणी मारा. मग घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत या आणि तिथं थांबा. पहिला मिनिट-दीड मिनिट श्वास धापा टाकल्यासारखा येतो. तो लांब सोडत सोडत ताब्यात आणायचा, मगच छाती पाण्यात. श्वास ठिकाणावर आल्याशिवाय पाय सोडायचे नाहीत. अचानक खोल पाण्यात पडलात आणि धाप लागली तर हात मारत सुटू नका. उताणे व्हा, कान पाण्यात जाऊ द्या, पोट वर ठेवा आणि मिनिटभर नुसते तरंगा.

तळ्याच्या मध्यातून आरपार जाण्यापेक्षा काठाला समांतर पोहा, पाय टेकतील इतक्या अंतरावर. वारा असेल तर जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतीला तोच मदत करील. कमरेला दोरीनं बांधलेला केशरी रंगाचा हवेचा बोया ओढत न्या. पूर्वी आमच्या पाठीला पांगऱ्याचा बिंडा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलायचे. पोरांना आजही तो चालतो, गाठ मात्र तुम्ही स्वतः मारा. पोटरीत गोळा आला तर उताणे व्हा, पायाचा अंगठा धरून नडगीकडं ओढा आणि पाय ताठ करा.

बाहेर आल्यावरही दहा-पंधरा मिनिटं अंग आतून निवत जातं, म्हणून थंडी काठावर जास्त वाजते. ओले कपडे लगेच काढा, डोकं पुसा, कानटोपी घाला, वाऱ्याच्या आडोशाला बसून गूळ घातलेला गरम चहा घ्या. कढत पाण्यानं अंघोळ लगेच नको. गाडी चालवायची घाई नको.

कुणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो असं आपण समजतो. बहुतेकदा तो गप्प असतो. तोंड पाण्याच्या रेषेला, मान मागं, हात बाजूंना पाणी दाबताहेत. असं दिसलं की आधी आरडाओरड करून माणसं गोळा करा, मग दोर, कॅन, ट्यूब, बांबू, फेटा, साडी, हाताशी असेल ते फेका. स्वतः झेप घेऊ नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघंही जातात. आपल्या भागातल्या किती घरांत सख्खे भाऊ, मायलेकरं अशी एकाच दिवशी गेलीत, ते सांगायला नको.

बाहेर काढलेल्याला पालथं घालून पोट दाबणं, मडक्यावर झोपवणं, पाय धरून गरगर फिरवणं, हे सगळं बंद. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी छातीत उतरतं. उताणं झोपवा, हाक मारा, श्वास चाललाय का पाहा. नसेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडानं तोंडात दोन श्वास द्या, छाती वर आलेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहातानं ३० वेळा जोरात आणि भराभर दाबा, पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३०. दुसऱ्यानं तोवर १०८ला फोन लावायचा. दमलात की हात बदला, पण थांबू नका. आणि माणूस उठून बसला, "मी बरा आहे" म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण छातीत गेलेलं पाणी काही तासांनंतरही दम कोंडवू शकतं.